सागाच्या जाळीदार पानांचं सिरॅमिक मांडणशिल्प : माती, भट्टी, टांगणी (नागपूर)

सागवान

नमस्कार मंडळी. पावसाळा सरत आला की पेंच-रामटेककडच्या सागाच्या पानांची काय अवस्था होते ते बहुतेकांनी पाहिलं असेल. यूटेक्टोना मॅकेरॅलिस नावाच्या पतंगाची अळी हिरवा भाग खाऊन टाकते आणि मागे नुसती शिरांची तपकिरी जाळी उरते. या जाळीवर बेतलेलं सिरॅमिकचं मांडणशिल्प करायचं आहे. तपशील असा :

भिंत 14 फूट × 8 फूट. त्यावर 240 पानं, वरच्या बाजूला अखंड, खाली येता येता जास्त जास्त खाल्लेली. प्रत्येक पान 24 × 15 सेंमी, जाडी 4 मिमी (पक्कं भाजल्यानंतरची मापं). भिंतीसमोर जमिनीवर चार फूट उंचीची पाच वारुळं. जागा सिव्हिल लाइन्समधलं बंदिस्त दालन, वर फॉल्स सीलिंग.

भट्टी विजेची, आतून 18 × 18 × 21 इंच, 1230 अंशांपर्यंत जाते. शेल्फ 16 × 16 इंच. माती खुर्ज्याची तयार स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजून घट्ट होणारी). काम ऑक्टोबरात सुरू, मांडणी फेब्रुवारीत.

विचारायचं हे : पानं वाकडी होऊ नयेत म्हणून काय करावं, भिंतीला कशी लावावीत, आणि एवढ्याशा भट्टीत चार फुटी वारूळ कसं बसवावं?

---

भट्टीवाला

पान वाकडं होण्याआधी एक हिशेब बघा, तो जास्त वाकडा आहे.

16 इंची शेल्फ म्हणजे 40 सेंमी. तुमचं पान बिस्कला (ग्लेझआधीच्या पहिल्या भाजणीत) भाजून ग्लेझच्या (काचेसारख्या लेपाच्या) फेरीत जाताना साधारण 26 × 16 सेंमी असेल. एका शेल्फवर दोनच बसतात, उरलेल्या 14 सेंमीच्या पट्टीत तिसरं मावत नाही. पानाला बाक असणार, म्हणून दोन शेल्फांत 7 सेंमी मोकळी जागा, शेल्फची जाडी दीड सेंमी. 53 सेंमी उंचीत सहा थर. सहा दुणे बारा. 240 पानांना ग्लेझच्याच 20 फेऱ्या! बिस्कमध्ये एकावर एक दोन पानं ठेवता येतात, तरी त्याच्या आणखी दहा. वारुळं अजून धरलेलीच नाहीत.

आता हेच पान 17 × 11 करा. बिस्कनंतर 18.2 × 11.8 भरेल. एका शेल्फवर 3 × 2 = 6, एका फेरीत 36. म्हणून 40 पानं मोठी आणि 200 लहान असं वाटून घ्या. मोठ्यांच्या चार फेऱ्या, लहानांच्या सहा. वीसच्या जागी दहा. दिसायलाही बरं, सागाच्या झाडावर सगळी पानं एका मापाची कुठे असतात?

विजेचंही सांगून ठेवतो. 8 किलोवॅटची भट्टी 9 तास चालली आणि कॉइल निम्मा ते पाऊण वेळ चालू राहिल्या तर एका फेरीला 36 ते 54 युनिट. भट्टीला स्वतंत्र एमसीबी हवाच. व्होल्टेजकडेही लक्ष असू द्या. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 च्या जागी 200 मिळालं तर ताकद सरळ 24 टक्क्यांनी कमी. अशा दिवशी भट्टी 1150 च्या पुढे रखडते आणि लोक कंट्रोलर बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावतात. शेवटचा टप्पा रात्री दहानंतर येईल अशा बेताने भट्टी लावा.

---

सागवान

शेल्फचा हिशेब डोळे उघडणारा आहे. 40 + 200 पक्कं. दोन्ही मापांचे कच्चे साचे किती मोठे कापायचे? आकसण 12 टक्के धरली आहे.

---

गेरू

12 टक्के धरली आहे की मोजली आहे? पिशवीवरच्या आकड्यावर जाऊ नका. त्याच मातीची 14 सेंमीची पट्टी लाटा, ओली असतानाच तिच्यावर सुईने बरोबर 10 सेंमीची रेघ मारा, तुमच्याच भट्टीत 1230 ला भाजा आणि रेघ मोजा. 8.8 भरली तर 12 टक्के. तीन पट्ट्या करा आणि वरच्या, मधल्या, खालच्या शेल्फवर एकेक ठेवा. भट्टीत वरखाली तापमानाचा फरक असेल तर तोही त्यातच कळतो.

12 टक्के निघाली तर भागिले 0.88. मोठं पान ओलं 27.3 × 17, लहान 19.3 × 12.5, जाडी साडेचार मिमी. माती आकसते तसं भोकही आकसतं, हे बरेच जण विसरतात.

---

लोखंडी

भोकाचं नाव निघालंच आहे तर माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं. पान कसं दिसेल ते मागाहून ठरवा. ते भिंतीवर कशावर उभं राहणार, हे आधी ठरवा. टांगणी शेवटी सुचली की सिलिकॉन आणि अराल्डाइटवर भिस्त राहते. इपॉक्सी सरळ ओढीला चांगलं, पण कडेकडून सोलणाऱ्या ताणाला कच्चं. ग्लेझच्या गुळगुळीत पृष्ठावर तर फारच कच्चं. डोक्याच्या वर असलेली कुठलीही वस्तू नुसत्या गोंदावर ठेवू नये.

माझी पद्धत :

दालनाच्या भिंतीत 240 भोकं कोणी पाडू देणार नाही. म्हणून 12 मिमी प्लायची पाठ करा. 8 × 4 चे साडेतीन पत्रे उभे लावले की 14 × 8 भरते. प्लायमागे 2 × 1 इंचाच्या लाकडी पट्ट्या, त्या पट्ट्या भिंतीला दीड-दोन फुटांवर अँकरने. पानांचं एकूण वजन 30 किलोच्या आसपास येईल (लहान पान सरासरी 110 ग्रॅम, मोठं 210). नुसती प्लाय मात्र 75 किलोच्या पुढे जाते. म्हणजे अँकरची चिंता पानांसाठी नाही, प्लायसाठी करायची.

प्रत्येक पानाला एक भोक, मुख्य शिरेवर, देठापासून एक तृतीयांश अंतरावर. गुरुत्वमध्य त्याच्या खाली राहतो, पान आपोआप सरळ लोंबतं. प्लायला मागून एम-4 चा टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा नट), त्यात 10 सेंमीचा स्टड (आट्यांची सळई), स्टडवर 8 मिमीची अ‍ॅल्युमिनियमची नळी, मग रबर वॉशर, पान, पुन्हा रबर वॉशर, वर डोम नट. नळ्या 4, 6 आणि 9 सेंमी अशा तीन लांबीच्या कापल्या की पानांचे तीन थर पडतात आणि सावल्या एकमेकींवर चढतात. स्टड 4 आणि 6 च्या नळीला लांब पडेल, तो त्या हिशेबाने कापून घ्या. 9 च्या नळीला 12 सेंमीचा स्टड लागेल.

भोक किती? 4 मिमी स्टड, त्यावर पातळ रबरी बाही, म्हणजे पक्कं भोक साडेसहा मिमी हवं. ओल्यात 8 मिमी पाडा. 8 गुणिले 0.88 म्हणजे 7, त्यातून ग्लेझचा अर्धा मिमी गेला. काठापासून भोक 12 मिमीच्या आत नको. आणि दोन्ही बाजूंनी भोकाची धार ओल्या स्पंजने मोडा. धारदार कड राहिली की नट आवळताना चीर तिथूनच निघते. नट हाताने घट्ट, वर पाव फेरा. पान्याने आवळायचं नाही.

---

रेषा

लोखंडीभाऊ, तांत्रिक बाजू पटली, पण डोम नट 240 चमकणार भिंतीवर. पानाऐवजी नटच दिसतील.

---

लोखंडी

काळे करून मिळतात. किंवा जाळीच्या पानांत वेगळं भोक पाडूच नका. मुख्य शिरेला लागून असलेलं जाळीचं एक छिद्र नेमक्या 8 मिमीचं ठेवा, त्यातच स्टड जाऊ द्या. नट शिरेच्या गाठीसारखा लपतो. अखंड पानांना मात्र भोक दिसणारच, तिथे लोखंडाच्या ऑक्साइडने भोवती डाग द्या, अळीने पहिला घास घेतलाय असं वाटेल.

---

गेरू

आता पानाकडे. जमेल तितकं क्रमाने सांगते.

तयार स्टोनवेअरमध्ये बारीक ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) 10 ते 15 टक्के मळा, 30 ते 80 मेशच्या चाळण्यांमधला. पानासाठी याहून जाड ग्रॉग नको, शिरांचा ठसा खरखरीत होतो. कागदाचा लगदा घालायचा तर घट्ट स्लिपमध्ये (पाण्यात कालवलेल्या मातीत) आकारमानाने 20 ते 25 टक्के. लगद्याने कच्चं पान चिवट होतं आणि सुकलेल्या तुकड्यालाही जोड देता येतो. 4 मिमीच्या जाळीला हा मोठा आधार आहे. पण आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात लगद्याची माती आठवड्याभरात वास मारते. लागेल तेवढीच करा, थोडं ब्लीच टाका. बिस्कच्या वेळी 200 ते 400 अंशांच्या दरम्यान कागद जळून धूर होतो, भट्टीचं वरचं भोक उघडं आणि खोलीची खिडकी उघडी ठेवा.

लाटताना दोन बाजूंना 5 मिमीच्या लाकडी पट्ट्या, खाली सुती कापड. एकाच दिशेने लाटू नका. दोन-चारदा लाटलं की पत्रा उलटा करा आणि काटकोनात लाटा, मग रबरी रिबने (दाबून फिरवायच्या पट्टीने) दोन्ही बाजू दाबून घ्या. मातीला आठवण असते : एकदा उचलताना दुमडलेला पत्रा सपाट करून सुकवला तरी भट्टीत तिथेच वर येतो. म्हणून पत्रा हाताने उचलायचा नाही, कापडासकट सरकवायचा.

ठशासाठी सागाचं ताजं पान, मागची बाजू मातीवर. शिरा मागेच उठावदार असतात. वाळलेलं पान लाटण्याखाली चुरा होतं. पानाच्या लवीला माती चिकटते, आधी कॉर्नफ्लोअरची हलकी भुकटी मारा.

जाळी कोरायची वेळ एकच : लेदर-हार्ड. नख लावलं तर खूण उमटते पण माती बोटाला लागत नाही, तेव्हा. त्याआधी कोरलं तर छिद्राची कड ओढली जाते, नंतर कोरलं तर टवके उडतात. ड्रिलचे 3, 5 आणि 8 मिमीचे बिट हातात धरूनच फिरवा, मशीन नको. छिद्रांमधली शीर 4 मिमीपेक्षा बारीक ठेवू नका. आणि एकाच पानावर सगळी छिद्रं सलग पाडू नका. आधी मुख्य शिरेजवळची, मग पान तासभर प्लास्टिकखाली, मग काठाकडची.

---

वऱ्हाडी_चाक

गेरूताईंनी सुकवण्याचं काहीच नाही सांगितलं, अन् आपल्या नागपुरात खरी गोची तिथंच होऊन राहते ना! पंखा बंद, कूलर बंद. कूलरची हवा ओली असते म्हणून चांगली, असं काही जण म्हणतात. खोली ओलसर राहते हे खरं, पण झोत एका बाजूनं येतो. तिकडची कड एका वेगानं सुकते, इकडची दुसऱ्या, पान पीळ खाते.

पान काठाकडून सुकते, मध्ये उशिरा. काठ आधी आकसला की पापडासारखी कड वर येते. दोन इलाज. सपाट पानं दोन जिप्सम बोर्डांच्या मध्ये ठेवायची, बोर्ड दोन्हीकडून सारखं पाणी पिते. बाक असलेल्या पानांच्या काठाला दोन सेंमी रुंद प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची, मधला भाग उघडा. मधला भाग पांढरट व्हायला लागला की पट्टी काढायची.

डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा असते, तेव्हा सुकायला दुप्पट दिवस लागते. पान गालाला लावून पाहा. थंड लागलं तर आत पाणी आहे, भट्टीत नका टाकू.

---

सागवान

बाक कसा टिकवायचा? सागाच्या पानाला चांगला दोन-तीन सेंमीचा खोलगटपणा आहे.

---

भट्टीवाला

कच्च्यात आकार द्यायला बिस्क केलेल्या उथळ वाट्या किंवा वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या पुरतात. भट्टीतली गोष्ट वेगळी. 1200 च्या पुढे माती मऊ पडते आणि आधार नसेल तिथे बसते. त्या पानाखाली अ‍ॅल्युमिना हायड्रेटची (या तापमानाला न वितळणाऱ्या पांढऱ्या भुकटीची) गादी करा, एक सेंमी जाड, पानाच्या बाकाप्रमाणे हाताने दाबलेली. मागची बाजू ग्लेझ न करता, मेण लावून. काठापासून 5 मिमी पुढूनही मोकळं सोडा, नाहीतर ग्लेझ ओघळून पान शेल्फला धरतं.

पोर्सेलिन करायचा मोह होईल, पातळ आणि पांढरंशुभ्र म्हणून. या भिंतीसाठी नको. पोर्सेलिन 4 मिमीला जास्त बसतं आणि सुकताना नखरे करतं. साग तपकिरी आहे, पांढरेपणाचं करायचं काय?

---

मृद्गंध

थोडा असहमत. पोर्सेलिनच्या मागून उजेड येतो आणि जाळीला तो हवा. पण भिंतीला प्लायची पाठ आहे म्हटल्यावर मागून उजेडाचा प्रश्नच येत नाही. बरं, मागे घेतो.

रंगाबद्दल : रेड आयर्न ऑक्साइड 70 भाग, फ्रिट (वितळवून दळलेली काच) 30 भाग, पाण्यात दुधाएवढं पातळ. बिस्कवर ब्रशने सगळीकडे लावा आणि ओल्या स्पंजने वरून पुसा. ठशाच्या खोलात तपकिरी उरतो, उठावावर माती दिसते. बहुतेक पानांना एवढंच पुरे, ग्लेझची गरजच नाही. वरच्या अखंड पानांना मॅट ग्लेझमध्ये दोन टक्के कॉपर कार्बोनेट घालून मळकट हिरवा आणता येईल.

दुसरं, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख फुकटात मिळते म्हणून तिचं ग्लेझ करायचं डोक्यात येतं. लाकडाच्या राखेच्या जागी ती वापरली तर फसगत ठरलेली. लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश असतो, तोच ग्लेझ वितळवतो. कोळशाच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना, वितळवणारं फार थोडं. 1230 ला ती नुसती खरखरीत कोरडी राहते. वारुळाच्या पृष्ठावर मात्र हाच कोरडेपणा चांगला दिसेल : राख 50, फेल्डस्पार 30, बॉल क्ले 20 पासून सुरू करून नमुने काढा.

---

सागवान

वारुळाला खऱ्या वारुळाचीच माती लावावी असा विचार होता. आणि शेतातली काळी माती?

---

वऱ्हाडी_चाक

वारुळाची माती बारीक अन् चिकट असते खरी, पण जंगलातून उचलायची नाही. पेंच-ताडोब्यातून तर काडीही आणता येत नाही.

काळ्या मातीचं असं, की तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज आहे. पाणी पिऊन फुगते, सुकली की फाटते. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडते ना, तेच तुमच्या वारुळाला होईल. मातीत पाच टक्क्यांवर नका जाऊ. तिच्यात लोखंड भरपूर, म्हणून वरून स्लिप म्हणून लावा. 1230 ला ती स्वतःच वितळून काळी-तपकिरी चकाकते. पहिला नमुना वाटीत भाजा, नाहीतर शेल्फवर वाहून जाईल.

अन् 80 मेशच्या चाळणीतून गाळल्याशिवाय वापरू नका. आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भट्टीत 900 च्या आसपास त्यांचा कळीचा चुना होते. वस्तू बाहेर काढली की छान दिसते, मग तो चुना हवेतली ओल ओढून फुगते अन् आठवड्या-दोन आठवड्यांनी टिकली एवढा टवका उडवून देते, मधोमध पांढरा ठिपका. प्रदर्शन चालू असताना हे झालं तर काय करसान?

तयार लाल माती पाहिजे तर भद्रावतीकडं चौकशी करा, ग्रामोदय संघामुळं तिथं या कामाची जुनी वहिवाट आहे.

---

भट्टीवाला

वारुळाची बांधणी. 120 सेंमी पक्कं म्हणजे ओलं 136. भट्टीची आतली उंची 53, शेल्फ-पाय सोडून एका तुकड्याला पक्क्यात 40 सेंमी. तीन तुकडे. ओला तुकडा साडेपंचेचाळीस सेंमी, रुंदी ओल्यात 40 च्या आत, शेल्फच्या बाहेर काहीही लोंबू नये.

माती पानाची नाही. इथे 25 ते 30 टक्के ग्रॉग, जाडसर. भिंत 13 ते 15 मिमी. वळ्या लावून चढवा, एका दिवसात 12-15 सेंमीपेक्षा जास्त नको, खालची ओळ वजनाने पोट काढते. तिन्ही तुकडे एकावर एक ठेवूनच बांधा, मध्ये वर्तमानपत्राचा कागद. खालच्या तुकड्याला वरून 3 सेंमी उंचीची आतली कडी, वरचा तुकडा तिच्यावर टोपीसारखा बसेल. कडी आणि टोपीत 5 मिमी सैल सोडा. भाजताना गोल थोडा लंबगोल होतोच, घट्ट केलं तर बसणारच नाही. सुकेपर्यंत एकत्र, मग वेगळे. तुकड्यांवर आतून खूण करा, 1 चा वरचा 2 लाच जुळतो.

भट्टीत प्रत्येक तुकड्याखाली त्याच मातीची कच्ची चकती ठेवा, मध्ये ग्रॉगची भुकटी. तुकडा आकसताना चकतीही आकसते. थेट शेल्फवर ठेवला की तळ शेल्फला घासत अडकतो आणि तळाशी उभी चीर पडते.

बिस्क हळू. 85 अंशांवर रात्रभर. तिथून 200 पर्यंत तासाला 60, मग 600 पर्यंत तासाला 100, पुढे 1000 पर्यंत 150. घाई केली तर 100 ला वाफ तुकडा फोडते. 450 ते 600 मध्ये मातीतलं रासायनिक पाणी निघतं आणि 573 ला क्वार्ट्झ रूप बदलतं, तिथेही सावकाश.

---

लोखंडी

उभं करताना : 10 मिमी जाड, 30 × 30 सेंमीची लोखंडी पाटी, तिच्यावर 20 मिमीचा एमएस पाइप वेल्ड केलेला, 110 सेंमी. तुकडे वरून ओवायचे, प्रत्येक सांध्यात 3 मिमी रबराची चकती. आत सिमेंट भरायचं नाही. लोकांना वाटतं भरलं की मजबूत. सिमेंट पाणी ओढतं, सुकताना आकसतं, आणि लोखंड-सिमेंट एका हिशेबाने फुगतात, सिरॅमिक दुसऱ्या. एका वारुळाचं वजन 33 किलोच्या आसपास, पाटी वेगळी. मुलं टेकतात, म्हणून पाटी हवीच.

---

रेषा

वारूळ म्हणजे शंकू नव्हे, एवढं मात्र लिहावंसं वाटतं. आपल्याकडे सर्रास दिसणारं वारूळ ओडोंटोटर्मिस ओबेसस नावाच्या वाळवीचं. त्याला खालपासून वर जाणारे उभे पुठ्ठे (भिंतीचे बाहेर आलेले फुगवटे) असतात, मधल्या घळी खोल. वळ्यांनी गुळगुळीत शंकू करून वर टेक्स्चर थापलं की ते बागेतलं कारंजं होतं. पुठ्ठे बांधतानाच काढा, बाहेर चिकटवू नका. भिंतीची जाडी सगळीकडे तीच ठेवून भिंतच आतबाहेर वळवायची. भट्टीवाले सांगतीलच की जाडी बदलली की चीर पडते.

पानांचंही तसंच. सागाची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात. भिंतीवर हे हुबेहूब करू नका, पण जोडी राहू द्या. आणि 240 पानं भिंतभर सारख्या अंतरावर पसरू नका, वॉलपेपर होईल. डाव्या वरच्या कोपऱ्यात दाट, उजवीकडे खाली विरळ, मध्ये एक-दोन ठिकाणी हात मावेल एवढी रिकामी प्लाय. किड्याने खाल्लेल्या रानात अशीच भोकं असतात.

---

सागवान

पहिल्या नमुन्याच्या फेरीत 12 पानं टाकली. तिघांना चीर. काठाकडून आत आलेली, दीड ते तीन सेंमी. सुकवण्यातली की भट्टीतली, कसं ओळखायचं?

---

गेरू

बोट फिरवा, मग भिंगाने बघा.

चिरेच्या दोन्ही कडा गोलसर, वॉश किंवा ग्लेझ चिरेच्या आत उतरलेलं, तोंड बाहेर रुंद आणि आत निमुळतं : चीर आधीची, सुकताना किंवा बिस्कमध्ये पडली. ग्लेझ वितळायच्या आधी ती तिथे होतीच.

कडा धारदार, बोटाला कापतील अशा, आतली माती कोरी, दोन बाजू एकमेकींत बरोबर बसतात : थंड होताना पडली. मग भट्टी उघडण्याची वेळ तपासा. 573 ला क्वार्ट्झ, आणि मातीत क्रिस्टोबलाइट (सिलिकाचंच दुसरं रूप) तयार झालं असेल तर 226 च्या आसपासही झटका बसतो. बरेच जण 200 ला झाकण किलकिलं करतात, नेमकी तीच जागा. 100 च्या खाली आल्याशिवाय हात लावू नका.

आणि तिसरी जात, जी डोळ्याला दिसत नाही. पान देठाला धरून लोंबतं ठेवा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला तर आत केसाएवढी चीर आहे, ते भिंतीवर चढवायचं नाही.

---

सागवान

दोघांच्या कडा गोल, एकाच्या धारदार. गोल कडावाली दोन्ही पानं खिडकीकडच्या फळीवर सुकत होती.

---

वऱ्हाडी_चाक

मंग उत्तर तुमीच दिलं. फळी हलवा.

---

मृद्गंध

धुळीबद्दल कोणीच बोललं नाही. 240 पानांची छिद्रं घासणं म्हणजे सिलिकाची भरपूर धूळ, आणि ती फुप्फुसात बसली की निघत नाही. सुकं घासू नका, ओला स्पंज. झाडू नको, ओलं पोतेरं. एन-95 मास्क नाकावर. मॅंगनीज डायऑक्साइड वापरणार असाल तर भट्टीच्या खोलीत थांबू नका.

लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये 2010 साली आय वेवे या चिनी कलावंताच्या 10 कोटी पोर्सेलिन सूर्यफूल-बिया जमिनीवर पसरल्या होत्या. लोकांनी त्यावरून चालावं अशी कल्पना होती, पण पायाखाली बिया घासून धूळ उडायला लागली आणि काही दिवसांतच चालणं बंद करावं लागलं. तुमच्या वारुळांभोवती सिरॅमिकच्या चुऱ्याची जमीन करायचा विचार असेल तर हे लक्षात असू द्या.

---

सागवान

चुऱ्याचा विचार होता खरा. रद्द. पाच-पन्नास पानं छतावरून, पडत असल्यासारखी टांगावीत का?

---

लोखंडी

फॉल्स सीलिंगला काहीही टांगू नका. पीओपी किंवा जिप्समची पाटी तिचं स्वतःचं वजन कसंबसं पेलते. वरच्या आरसीसी स्लॅबमध्ये अँकर, तिथून सळई खाली आणून जाळीची चौकट. त्यासाठी सीलिंग उघडायची परवानगी लागेल, ती आधी विचारा.

तार एक मिमीची स्टेनलेस, सात-सात पेडांची. नायलॉनचा मासेमारीचा धागा अदृश्य दिसतो म्हणून सगळ्यांना आवडतो, पण वजनाखाली तो हळूहळू लांबत जातो आणि सिरॅमिकच्या कडेवर घासून तुटतो. भोकात सिलिकॉनची नळी, तारेला दुहेरी वळसा, दोन क्रिंप (तारेवर दाबून आवळायच्या नळ्या). दोन पानांत 4 सेंमी अंतर, एसीच्या झोताखाली तर 8. आदळली की काठाचे टवके उडतात.

---

रेषा

माझं मत : टांगू नका. भिंत, वारूळ आणि वर पडणारी पानं, तीन गोष्टी तीन दिशांना ओढतील. गळणारं पान हवंच असेल तर दोन-चार जाळ्या वारुळाच्या पायाशी जमिनीवर ठेवा.

उजेड एकाच बाजूने द्या. वरून, भिंतीशी 30 अंशांच्या आसपास, पिवळसर स्पॉट. दालनवाले चारी बाजूंनी ट्रॅक लाइट लावतात आणि सावल्या एकमेकींना खाऊन टाकतात. नळ्यांचे तीन थर मग वायाच गेले. प्लायला पांढराशुभ्र रंग नको, फिकट मातकट द्या, सावली मऊ पडते.

---

सागवान

टांगणं रद्द. दीड दिवसात मांडणी आटपायची आहे. 240 भोकं प्लायवर कशी उतरवायची?

---

लोखंडी

मांडणीच्या दिवशी काहीही मोजायचं नाही. कार्यशाळेतच जमिनीवर पूर्ण मापाचा नकाशा करा. जुन्या फ्लेक्सची पांढरी मागची बाजू घ्या, 14 × 8 चा एक तुकडा सहज मिळतो आणि कागदासारखा फाटत नाही. त्यावर प्रत्यक्ष पानं मांडा, रेषाताईंनी सांगितलं तसं दाट-विरळ करा, फोटो काढा, मग प्रत्येक भोकातून मार्करने ठिपका आणि क्रमांक. फ्लेक्स प्लायवर ताणून ठिपक्यांवर पंचने खूण, ड्रिल, मागून टी-नट. टी-नट मागून बसतात म्हणून हे प्लाय भिंतीला लावण्याआधीच करायचं. नळ्याही क्रमांकानुसार आधीच लावून ठेवा.

पानाचा क्रमांक मागे ऑक्साइडने, बिस्कच्या आधी. पेन्सिल आणि मार्कर भट्टीत उडून जातात.

---

भट्टीवाला

आणि 240 करू नका, 275 करा. काही भट्टीत जातील, काही नेण्या-आणण्यात, एखादं नट आवळताना. जादाची पानंही दोन्ही मापांत आणि अखंड ते जाळी अशा सगळ्या पायऱ्यांत हवीत, नाहीतर नेमकं मोठं जाळीचं तुटतं आणि हातात लहान अखंड उरतात.

---

सागवान

फ्लेक्सला मागून काजळी आणि डिंकाचे डाग असतात, ठिपके दिसतील ना? आणि प्लायचे पत्रे साडेतीन, फ्लेक्स एकच. सांध्यावर येणाऱ्या पानांचं काय?

---

लोखंडी

लाल ऑइल मार्कर घ्या, दिसतो. सांध्यापासून 4 सेंमीच्या आत टी-नट येऊ देऊ नका, प्लायची कड फाटते. नकाशा करतानाच फ्लेक्सवर सांध्यांच्या रेघा आधी मारा आणि त्या रेघांवर येणारं पान थोडं सरकवा. पानाचं पातं सांध्यावरून गेलं तरी चालेल, भोक नको.

---

सागवान

रेघा मारून घेतो. पुढच्या फेरीचे फोटो इथेच टाकतो.